गाण्याचं रेकॉर्डिंग लाइव्ह दाखवणार असशील तर

चॅनल नवीन असेल तर यूट्यूबवर लाइव्ह आधीच सुरू करून ठेव. पहिल्यांदा त्याला २४ तासांपर्यंत लागू शकतात.

सगळ्यात जास्त लक्ष आवाजाकडे दे. ओबीएसमधला (लाइव्ह प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट दाबणारा फिल्टर बंद कर. तो बोलण्यासाठी ठीक आहे, पण तानपुऱ्याचा सलग नाद त्याला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो आणि तो नेमकी जवारीच, म्हणजे तारांची ती भरीव गुंजच, पुसून टाकतो. मग गाणं पोरकं होतं, मला ते ऐकवत नाही. ओबीएस आणि ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) दोन्हींचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेव. चित्र आवाजामागे पडतं, म्हणून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून फरक बघ आणि ओबीएसमध्ये सिंक ऑफसेट लाव, म्हणजे आवाज तेवढाच उशिरा सोड. मूळ रेकॉर्डिंग वेगळं, थेट डिस्कवर. नेटला केबलच लाव.

टेक (एका सलग गायनाचं रेकॉर्डिंग) चालू असताना कॉमेंट गायकाला दिसू देऊ नकोस. प्रेक्षकांची दाद काही सेकंद उशिरा पोचते; तोवर इकडे पुढची तान सुरू झालेली असते आणि लक्ष विचलित होतं. चॅटवर एकाला बसव, टेक संपल्यावर त्याने निवडक प्रश्न वाचावेत. फसलेला टेकही लोकांसमोर जाणार, हे कलाकारांना आधी स्पष्ट सांग. कोणी संकोचलं तर आग्रह करू नकोस.

आणि रेकॉर्डिंगची खोली पुण्यात नारायण पेठेत किंवा नदीपात्राजवळ असेल, तर गणपतीआधीच्या आठवड्यांत संध्याकाळ टाळ. ढोल-ताशा पथकांचा सराव जाड पडद्यांनी अडत नाही. सकाळी लवकर बसा.