जायंट सेल ट्यूमरचा प्रश्न आणि पॅथॉलॉजीची वाट

तोंडी परीक्षेत हाडातील जायंट सेल ट्यूमर कोणत्या पेशींपासून उद्भवतो, या प्रश्नाला तुम्ही ‘जायंट सेलपासून’ असे उत्तर दिले आणि ते चुकले. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही, म्हणून एमबीबीएसनंतर एमडी पॅथॉलॉजी (पेशी व ऊती तपासून रोगनिदान करणारी शाखा) करावे की थेट पीएचडीकडे वळावे, असे तुम्ही विचारले आहे. पॅथॉलॉजिस्टला रुग्ण दिसत नाही, अशी आईंची तक्रारही कळली.

चुकीचे वाईट वाटून घेऊ नका. या गाठीचे नावच फसवे आहे. सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर नजरेत भरणाऱ्या बहुकेंद्रकी पेशी, म्हणजेच जायंट सेल, मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) कुळातील पेशी एकत्र मिसळून तयार होतात आणि हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींप्रमाणे हाड पोखरतात. पण मूळ गाठ असते ती त्यांच्यामध्ये विखुरलेल्या, साध्या दिसणाऱ्या स्ट्रोमल (आधार-ऊतीतील) पेशींची. या पेशी हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्टच्या पूर्वज पेशींशी नाते सांगतात आणि ‘रँक लायगँड’ हे प्रथिन निर्माण करून त्या बहुकेंद्रकी पेशी घडवून घेतात. २०१३ मध्ये बहुसंख्य गाठींत एच३एफ३ए जनुकातील बदल आढळला, तो या स्ट्रोमल पेशींतच. डेनोसुमॅब हे औषध रँक लायगँडला अडवते, त्यामुळे जायंट सेल नाहीशा होतात. स्ट्रोमल पेशी मात्र उरतात, म्हणूनच औषध थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते.

आईंची तक्रार अर्धी खरी आहे. रुग्ण समोर नसतो, पण निदान केवळ स्लाइडवर होत नाही: हायपरपॅराथायरॉइडिझममधील (पॅराथायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय होण्याच्या विकारातील) ‘ब्राउन ट्यूमर’ अगदी असाच दिसत असल्याने एक्स-रे पाहावा लागतो, रक्तातील कॅल्शियम विचारावे लागते, अस्थिशल्यविशारदांशी बोलावे लागते. हे काम आवडणार असेल, तर नीट-पीजी या प्रवेश परीक्षेमार्गे तीन वर्षांचे एमडी करावे. गाठ ओळखण्यापेक्षा ती का होते, हेच तुम्हाला छळत असेल, तर खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक किंवा पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र अशा ठिकाणी पीएचडीचा विचार करता येईल. माझे मत विचाराल, तर आधी एमडी; नमुना नेमका कशाचा आहे हे ओळखता आले, की पुढचे संशोधन भक्कम पायावर उभे राहते, आणि पीएचडीची वाट त्यानंतरही खुली असते.

निर्णयाची घाई मात्र नको. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन योजना आहे. विभागातील मार्गदर्शक शोधून तिच्यासाठी अर्ज करा आणि तोवर विभागातील जुन्या हाडांच्या स्लाइड एक्स-रेसह पाहू देण्याची विनंती करा.