दोन सर्व्हरांचा क्लस्टर पुरेसा आहे का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात प्रत्येकी ६४ जीबी मेमरी असलेले दोन सर्व्हर आहेत. ग्रंथालय, प्रवेशप्रक्रिया आणि विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके यांसाठीची व्हर्च्युअल मशीन्स (सॉफ्टवेअरने तयार केलेले आभासी संगणक) त्यांवर स्वतंत्रपणे चालतात. प्रॉक्समॉक्स हे व्हर्च्युअल मशीन्स चालवण्याचे सॉफ्टवेअर वापरून दोन्ही सर्व्हर जोडले, तर एक बंद पडल्यावर त्यावरील मशीन्स दुसऱ्यावर आपोआप सुरू होतील का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नुसते दोन सर्व्हर जोडल्याने तसे होणार नाही. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या सर्व्हरांच्या गटात, प्रत्येक सर्व्हरला एक मत असते आणि बंद पडलेल्या सर्व्हरवरील मशीन दुसरीकडे सुरू करायचे, तर निम्म्याहून अधिक मते हाताशी असावी लागतात. दोहोंपैकी एक गेला की उरलेल्याकडे एकच मत राहते आणि ते बहुमत नव्हे. शेजारचा सर्व्हर खरोखर बंद पडला आहे की केवळ मधली केबल निघाली आहे, हे त्याला कळू शकत नाही. अशा स्थितीत दोघांनीही प्रवेशप्रक्रियेचे तेच मशीन सुरू करून एकाच डिस्कवर लिहायला सुरुवात केली, तर सगळी माहिती खराब होईल. म्हणूनच हाय अव्हेलेबिलिटीची, म्हणजे सर्व्हर बंद पडल्यास आपोआप दुसरीकडे सुरू व्हायची, मशीन्स चालवणारा सर्व्हर बहुमत गमावल्यानंतर साधारण मिनिटभरात स्वतःलाच रीबूट करतो. म्हणजे एक बिघडला की धडधाकट असलेलाही खाली येणार, आणि ही अवस्था आपल्या आजच्या व्यवस्थेपेक्षा वाईट आहे.

यावरचा उपाय महाग नाही. एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवून त्याला क्यूडिव्हाइस, म्हणजे केवळ मत देणारा साक्षीदार, म्हणून जोडले, की तिसरे मत मिळते. मात्र तो डेस्कटॉप खरोखर वेगळा असावा. याच क्लस्टरमधील व्हर्च्युअल मशीनमध्ये क्यूडिव्हाइस बसवले, तर ज्या क्षणी मताची गरज आहे त्याच क्षणी ते नाहीसे होण्याचा धोका राहतो.

मतांइतकाच महत्त्वाचा प्रश्न डिस्कचा आहे, कारण मशीनची डिस्क बंद पडलेल्या सर्व्हरवरच अडकली असेल तर दुसरा सर्व्हर सुरू तरी काय करणार? दोन्ही सर्व्हरांवर झेडएफएस ही फाइल प्रणाली असेल, तर डिस्कची प्रत ठरावीक अंतराने दुसरीकडे पाठवता येते. हे अंतर मुळात १५ मिनिटांचे असते आणि शेवटच्या प्रतीनंतरचे काम हातचे जाते. ग्रंथालयाला ते चालेल. प्रवेशशुल्काच्या नोंदींसाठी मात्र मी ते १ मिनिटावर आणीन किंवा स्वतंत्र सामायिक स्टोरेज घेईन. सेफ (Ceph) या अनेक सर्व्हरांच्या डिस्क एकत्र वापरणाऱ्या स्टोरेज प्रणालीचा विचार तूर्त करू नये, कारण तिला किमान तीन सर्व्हर लागतात.

शिवाय दोन्हीकडची आवश्यक मशीन्स मिळून एकट्या सर्व्हरच्या ६४ जीबीत, प्रॉक्समॉक्सची स्वतःची गरज वजा करून, मावली पाहिजेत. प्रात्यक्षिकांची मशीन्स त्यामुळे हाय अव्हेलेबिलिटीतून वगळावीत. चुकून पुसलेली नोंद दुसऱ्या प्रतीतूनही तितक्याच तत्परतेने पुसली जाते, तेव्हा रोजचा बॅकअप तिसऱ्या ठिकाणी हवाच.

जोडणी पूर्ण झाल्यावर आणि बॅकअप हाती असताना, सुट्टीच्या दिवशी एका सर्व्हरची वीज मुद्दाम काढावी. दोन-तीन मिनिटांत प्रवेशप्रक्रियेचे मशीन दुसरीकडे सुरू झाले पाहिजे. त्यानंतर हीच चाचणी नेटवर्कची केबल काढूनही घ्यावी.