अडकलेला सुळा आणि वर करायचा हात

“मुलीचा दात हिरडीत अडकला आहे, पण शस्त्रक्रियेचे नाव काढले की ती रडू लागते, पूर्ण भूल देऊनच करून घ्यावे का?” हा प्रश्न बेळगाव-खानापूर भागातील पालक मला वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी एका 14 वर्षांच्या मुलीचा अनुभव सांगते.

वरचा सुळा साधारणपणे 11 ते 12 व्या वर्षी येतो. हिचा डावा सुळा टाळूच्या बाजूला आडवा राहिला होता. तो काढायचा नव्हताच. हिरडी थोडी उघडून त्याला बारीक साखळी चिकटवायची आणि तारांच्या आधाराने काही महिन्यांत जागेवर ओढून आणायचा, असे ठरले होते. मात्र दवाखान्यातील सारे बोलणे कन्नड आणि इंग्रजीत झाले. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या कानी ‘कट’ आणि ‘ऑपरेशन’ एवढेच पडले, आणि आपला दात फोडून काढणार असे तिने मनाशी धरले. त्यात आईचे पालुपद, “काय होत नाही बघ, मुंगी चावल्यासारखं.” पूर्वी दाढ काढतानाही आई हेच म्हणाली होती आणि तेव्हा चांगलेच दुखले होते.

माझ्या मते मुलांना सर्वांत जास्त घाबरवणारे वाक्य हेच आहे. ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत बसलेल्या त्या मुलीला मी खरे ते सांगितले: टाळूला सुई टोचताना थोडा वेळ दुखेल, मग ती जागा बधिर होईल, त्यानंतर दाब आणि ओढ जाणवेल, पण कळ येणार नाही, आणि आलीच तर डावा हात वर करायचा, डॉक्टर थांबतील. डॉक्टरांकडूनही तसा शब्द घेतला. सूज दोन-तीन दिवस वाढेल, हेही लपवले नाही.

दात फार खोल असेल किंवा भीती आवरतच नसेल, तर गुंगी अथवा पूर्ण भूल देण्यात गैर काहीच नाही. तो निर्णय दंतशल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञांनी घ्यायचा असतो. हिला त्याची गरज पडली नाही. तिने एकदाच हात वर केला आणि डॉक्टर तत्काळ थांबले. दुखले का, असे मी नंतर विचारले.

“नाही, थांबतेत काय बघूया म्हटलं.”