वाचकांचे प्रश्न : निर्यातीचा माल आणि घरी धागे कापणारी मुलं

प्रश्न : रबाळ्याला आमचं छोटं गारमेंट युनिट आहे. माल न्हावा शेव्याहून युरोपात जातो. ‘बालमजूर आढळल्यास ऑर्डर रद्द’ अशी अट आता ग्राहकाने घातली आहे. कारखान्यात सगळे सज्ञान आहेत. पण शिवलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापायचं काम ठेकेदारामार्फत बायका घरी करतात. तिथे मुलंही बसतात म्हणे. त्या घरांचं काम बंद करू का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : नको. बालमजुरांच्या हातच्या मालावर आयातबंदी आणणारं विधेयक १९९२ मध्ये अमेरिकेत मांडलं गेलं. ते मंजूर कधीच झालं नाही, पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कारखान्यांनी अंदाजे ५० हजार मुलं काढून टाकली. त्यातली कित्येक पुढे खडी फोडताना सापडली. शहाणपण १९९५ मध्ये सुचलं : कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांच्यात करार झाला आणि मुलांना शाळा व महिना ३०० टका मिळू लागले.

‘घरचंच काम आहे’ ही सबब मात्र टिकणार नाही. १४ वर्षांखालच्या मुलाने शाळा सुटल्यावर घरच्या उद्योगात मदत केलेली कायद्याला चालते; पण ज्या कामाचे घराला पैसे मिळतात, ते २०१७ च्या नियमांनुसार या सवलतीत बसत नाही. पीस रेटचं, म्हणजे नगावर मजुरीचं काम म्हणजे नेमकं तेच. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही.

खरी गोम दरात असते. तुमच्याकडची सरावाची बाई तासाला किती पीस साफ करते, ते घड्याळ लावून मोजा. आठ तासांच्या तेवढ्या पिसांत किमान वेतन निघत नसेल, तर आई मुलांना हाताशी घेणारच. दर त्या हिशेबाने बांधा आणि ठेकेदाराने तो पुढे दिला का, हे बायकांनाच विचारा. प्रत्येक गठ्ठ्यावर घराचं नाव व तारीख घाला. एका बाईच्या नावावर दोघींचा माल परत आला, तर तिथे आणखी हात लागलेत. फक्त ते मोठ्या माणसाचे की मुलाचे, हे जाऊन बघा, तेही शाळा सुटल्यानंतरच्या वेळी.

कारखान्यात वयासाठी शाळेचा दाखला किंवा पालिकेचा जन्मदाखला घ्या. आधारवर भिस्त नको. कित्येकांची जन्मतारीख त्यावर १ जानेवारी असते. मूल आढळलं तर आईचं काम चालू ठेवा आणि मुलाचं नाव पालिकेच्या शाळेत घाला. मूल घरचं नसून कुणी आणून बसवलेलं असेल, तर मात्र थेट १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन.

प्रश्न : निर्यात वाढली की बालमजुरीही वाढते ना? (एक विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : कमाई कुणाच्या हातात पडते त्यावर आहे. १९९० च्या दशकात व्हिएतनामने तांदळाच्या निर्यातीवरची बंधनं सैल केली, भाव चढला आणि भात पिकवणाऱ्या घरांतली मुलं कामावरून कमी झाली. तिथे वाढलेला भाव शेतकऱ्याच्या घरात गेला. ठेकेदाराच्या खिशात अडकला असता, तर मुलं शेतातच राहिली असती.