‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ यावर बोलण्याआधी

प्रिय बाळ,

प्रभूत सलाम.

गुड फ्रायडेच्या बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी पहिला उद्गार तुझ्याकडे आलाय. बहुतेक वक्ते ज्या प्रश्नाला बगल देऊन आपली वीस मिनिटं काढतात, नेमका तोच तू चिठ्ठीत विचारलास. क्रुसावरून येशू ‘त्यांना क्षमा कर’ एवढंच म्हणतो. येशूच्याच दृष्टांतातल्या, वाटणी उडवून परतलेल्या उधळ्या पुत्राचा बाप तर काहीएक न मागता पोराच्या गळ्यात पडतो. मग क्षमेला बळी कशाला आणि रक्त कशाला? याच प्रश्नावर बोल. तयारीला काय लागेल ते लिहितो.

सुरुवात ‘प्रायश्चित्त’ या शब्दापासून कर, कारण घोटाळा तिथेच होतो. मराठीत प्रायश्चित्त आपण ‘घेतो’. चुकला तो स्वतःला काही लावून घेतो, उपास करतो, दान देतो. दुसरी सवय नवसाची. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला जा, सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांच्या रांगेत उभी राहा; माणूस कुठल्याही धर्माचा असो, बोलणं पुष्कळदा ‘तू दे, मग मी देतो’ याच चालीवर असतं. या दोन सवयी घेऊन जुन्या करारातलं लेवीय, म्हणजे बळींचे नियम सांगणारं पुस्तक, वाचलं, तर बळी म्हणजे रागावलेल्या देवाच्या हातावर ठेवलेली लाच वाटणारच. म्हणून लेवीय १७:११ वहीत हाताने उतरवून काढ. शरीराचा जीव रक्तात असतो, आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्त करण्यासाठी ‘मी तुम्हांला दिले आहे’ असं देव तिथे म्हणतो. देणारा कोण, ते बघ. वेदीवर वर जाणारी गोष्ट मुळात वरूनच खाली आलेली आहे. तुझं सगळं बोलणं या एका क्रियापदावर उभं राहू दे.

मग लेवीयचे चौथा आणि पाचवा अध्याय शांतपणे वाच. साध्या माणसाच्या हातून चूक झाली आणि ती त्याला कळून आली. तो एक निर्दोष बकरी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी आणतो. तिच्या डोक्यावर हात ठेवतो. मूळ हिब्रू शब्दात नुसता स्पर्श नाही, भार टाकून रेलणं आहे. पुढची गोष्ट ऐकणाऱ्यांना ठाऊक नसते: सुरी याजक चालवत नाही. ज्याने पाप केलं, त्यालाच ती चालवावी लागते. मग याजक रक्तात बोट बुडवून होमवेदीच्या शिंगांना लावतो, उरलेलं पायथ्याशी ओततो आणि चरबी वेदीवर जाळतो. शेवटी वाक्य येतं, ‘त्याची क्षमा होईल.’ हे सगळं घाईने सांगू नकोस. ज्याला स्वतःच्या हाताने ते करावं लागलं, तो आपल्या चुकीला ‘चालतंय’ म्हणणार नाही.

कोणी काय आणायचं, तेही ठरलेलं. याजकाच्या चुकीला गोऱ्हा, सगळ्या मंडळीच्या चुकीलाही गोऱ्हा, अधिपतीला बकरा, साध्या माणसाला बकरी किंवा मेंढी. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेवढंही जमत नसेल, तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, वर तेल नाही की ऊद नाही. आणि त्या मूठभर पिठाच्या शेवटीही तेच वाक्य, ‘त्याची क्षमा होईल.’ आता नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र, ९:२२ उघड. ‘रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही’ हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आधी ‘बहुतेक सर्व’ गोष्टी रक्ताने शुद्ध होतात असं आहे. तो ‘बहुतेक’ गळून जातो. रक्ताला जादूच्या औषधासारखं मांडणाऱ्याला हे सपीठ अडचणीचं वाटतं. तू ते लपवू नकोस. गरिबाने परडीत आणलेलं पीठही चालतं, यावरून देणारा कोण ते पुन्हा कळतं.

वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल (लेवीय १६) बोलशील तर दोन बकऱ्यांची गल्लत करू नकोस. ही चूक दरवर्षी कानावर येते. चिठ्ठ्या टाकून दोन बकरे वेगळे होतात. महायाजक आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा मारतो, निखाऱ्यांवर ओंजळभर बारीक धूप टाकून दयासन, म्हणजे अगदी आतल्या पवित्र जागेतल्या कराराच्या पेटीचं झाकण, धुराने झाकतो, आणि गोऱ्ह्याचं रक्त दयासनासमोर बोटाने सात वेळा शिंपडतो. मग पहिला बकरा मारला जातो आणि त्याचंही रक्त आत नेऊन तसंच शिंपडलं जातं. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर तो दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं कबूल करतो, आणि त्याला जिवंतच रानात पाठवून देतो. दुसरा मारला जात नाही! एकाचं रक्त आत जातं, दुसरा ओझं घेऊन बाहेर जातो. क्षमेच्या या दोन बाजू आहेत: देवाजवळ जाण्याची वाट मोकळी होणं, आणि पाप नजरेआड दूर जाणं.

हा दिवस मराठी बोलणारे आपले शेजारीही पाळतात, हे विसरू नकोस. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहूदी, त्याला दारफाळणीचा सण म्हणायचे, दारं बंद करून उपास करायचा दिवस. मशीद बंदरला सॅम्युएल स्ट्रीटवर त्यांचं १७९६ सालचं सिनेगॉग आहे, शार हारहामीम. नावाचा अर्थ ‘दयेचं दार’. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, तेव्हापासून तिथले बळी थांबलेत. आज त्या दिवशी उपास, प्रार्थना आणि पश्चात्ताप असतो. तेव्हा ‘यहूदी लोक नुसते विधी करत बसले’ असलं वाक्य तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. ते खोटंही आहे आणि दुखावणारंही.

वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा, कोकरा ही तिसरी गोष्ट. एक वर्षाचा नर, महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडलेला, चौदाव्या दिवशी संध्याकाळी मारलेला, एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या चौकटीला रक्त. ती गुलामगिरीतून सुटण्याची खूण आहे, पापार्पण नव्हे. ‘देवाचा कोकरा’ म्हणताना योहान हे सगळे धागे एकत्र ओढतो, पण वीस मिनिटांत तू एकच धर. आणखी एक: ‘बकरा’ म्हटलं की मुंबईतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर देवनारचा बकरा बाजार आणि बकरी ईद येते. कुर्बानी इब्राहिमाच्या आज्ञापालनाची आठवण आहे, पापाचा बदला नाही. तुलना करायला जाऊच नकोस.

आता खरा कठीण भाग. लेवीय ४ मध्ये पुन्हापुन्हा ‘चुकून’ हा शब्द येतो. जाणूनबुजून, मूळ शब्दांत ‘हात उंच करून’, केलेल्या पापाला गणना १५:३० मध्ये बळीच सांगितलेला नाही. दाविद राजाने उरीयाला, ज्याची बायको त्याने घेतली होती त्या आपल्या सैनिकाला, मारवलं ते चुकून नव्हे. म्हणून स्तोत्र ५१ मध्ये तो म्हणतो की यज्ञाने तुला संतोष होत नाही, नाहीतर मी तो केला असता. भग्न हृदय हाच देवाचा यज्ञ. बळीची ही व्यवस्था कुठे अपुरी पडते, ते जुन्या करारालाच ठाऊक होतं. इब्रीचा लेखक नेमका तिथून पुढे जातो. बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पाप काढू शकत नाही (१०:४), कारण जनावराला विचारलेलंच नसतं. पुढच्याच ओळींत ‘पाहा, तुझी इच्छा पूर्ण करायला मी आलो आहे’ असं म्हणणारा येतो. बळीला जे कधीच जमलं नाही ते इथे घडतं: मरणारा आपणहून येतो. योहान १०:१८ जोडून वाच, ‘माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही.’ किती रक्त सांडलं, याला इथे महत्त्व नाही. स्वखुशीने दिलेल्या जिवाला आहे.

याच कारणासाठी रेल्वेच्या पुलावरच्या गार्डचा दृष्टांत टाळ. गाडी वाचवायला बाप पूल खाली घेतो आणि यंत्रात अडकलेला मुलगा चिरडला जातो, ती गोष्ट. लोकलच्या शहरात ती ऐकून लोक रडतात, म्हणून वक्त्यांना आवडते. पण त्यात मुलाला काहीच माहीत नसतं, आणि बाप त्याला मरू देतो. चिडलेला बाप आणि मध्ये पडणारा मुलगा हे चित्रही तसंच फसवं. २ करिंथ ५:१९ म्हणतं, देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. रोम ३:२५ मध्ये तर देवच त्याला ‘पुढे ठेवतो’, आणि तिथे वापरलेला ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी येतो.

उधळ्या पुत्राच्या बापाने फुकटात क्षमा केली का? मोज. वाटणी आधीच देऊन झालेली, तो पैसा परत येणार नाही. गावासमोर म्हातारा धावत सुटतो, त्याचा मान जातो. थोरला मुलगा रुसून बाहेर बसतो. मंडळीला भिशीचं उदाहरण दे, ते चाळीतल्या कोणालाही पटकन कळेल. भिशी सांभाळणाऱ्याने ५०,००० रुपये उडवले आणि सभासद म्हणाले, ‘जाऊ दे, माफ केलं.’ पैसे हवेत विरले का? ते प्रत्येकाच्या खिशातून गेले. माफ करणारा नुकसान आपल्या खात्यावर लिहून घेतो. क्रुसाबद्दल ख्रिस्ती माणसाचं म्हणणं हेच आहे: देवाने नुकसान नाकारलं नाही, कोणा तिसऱ्यावर ढकललंही नाही, स्वतःवर घेतलं.

मात्र इथे थांबलीस तर भिशी बुडवणारा आनंदाने घरी जाईल. लेवीय ६ मधलं दोषार्पण सांग. फसवून घेतलेलं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा. म्हणजे ५०,००० आणि १०,०००, एकूण ६०,००० रुपये, आणि तेही ज्याचे त्याच्या हातात. मग मेंढा. क्रम उलटा चालत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू हेच सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाकडे जा. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय चौपट देतो. ‘येशूने सगळं फेडलं’ हे वाक्य देणेकऱ्याने सावकाराला ऐकवायचं नसतं.

याच उद्गाराचा दुसरा गैरवापरही नाव घेऊन सांग. मार खाणाऱ्या बाईला ‘येशूने केली, तूही क्षमा कर आणि घरी जा’ असं सांगितलं जातं. बळी एकदाच दिला गेला, पुन्हा कोणी बळी व्हायचं नाही, असं इब्री ९ आणि १० वारंवार म्हणतात. ती बाई तुझ्यासमोरच्या बाकावर बसलेली असू शकते.

मार्क १०:४५ मधला ‘खंडणी’ हा शब्द मुंबईत गँगवाल्यांनी बिघडवून टाकलाय. वाचणार असशील तर ‘गुलामाला सोडवायला भरलेली किंमत’ असं लगेच जोड. ती किंमत कोणाला दिली, हा वाद चौथ्या शतकात नाझियानझसच्या ग्रेगरी या बिशपनेही घातला होता. सैतानाला दिली हे त्याला अजिबात पटलं नव्हतं. अन्सेल्म, आबेलार, कॅल्विन या पुढच्या काळातल्या धर्मपंडितांची मतं वेगवेगळी आहेत, आणि नायसीन मतांगिकारात, म्हणजे मंडळ्यांच्या जुन्या श्रद्धाकथनात, ‘आम्हांसाठी’ एवढंच आहे, कसं ते नाही. तिथे जास्त वेळ घालवू नकोस. कोणी विचारलं तर हेही माहीत असू दे, की लूक २३:३४ हे वचन काही फार जुन्या हस्तलिखितांत नाही. तळटीप असते, ती आधी वाचून ठेव.

वेळेचा हिशेब असा धर: शब्दाचा खुलासा ३ मिनिटं, बकरी आणि सपीठ ५, दाविद आणि इब्री ५, भिशी आणि ६०,००० रुपये ५, शेवटी लूक २३:३३-३४ सावकाश वाचून खाली बस. पहिला उद्गार असल्यामुळे लोक अजून स्टेशनवरून येत असतील आणि पंख्यांचा आवाज असेल, तेव्हा पहिली दोन वाक्यं साधी ठेव, हरवली तरी बिघडणार नाही अशी.

उपासनेनंतर कोणी जिन्यावर गाठून स्वतःचं काही सांगू लागलं, तर तिथेच ऐकून घेऊ नकोस. पाळकसाहेबांची वेळ घेऊन दे. मसुदा गुड फ्रायडेच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी उपासनेआधी आणून दे, पेन्सिलीने खुणा करून ठेवतो.

प्रभूत तुझा,
काका