वाचकांचे प्रश्न : समाजमाध्यमांचे नियम आणि निवासी डॉक्टर

प्रश्न : अमेरिकेतील एका खासगी शिक्षण-रुग्णालयात निवासी डॉक्टरांसाठी समाजमाध्यमांची नवी नियमावली तयार करणाऱ्या समितीवर मी आहे. आमच्याकडे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळ अमेरिकी समाजांतील निवासी डॉक्टर मोजकेच आहेत. जुन्या नियमांचा जाच आपल्यालाच अधिक होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. नियम सर्वांना सारखेच असताना त्यांच्यासाठी वेगळे काय लिहावे? (एक वाचक)

उत्तर : वेगळे नियम नकोत, सर्वांसाठीचा नियम नेमकेपणाने लिहिला, तरी बरेचसे काम होते. ‘व्यवसायाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा मजकूर’ अशा धर्तीचे कलम आपल्या जुन्या नियमावलीत बहुधा असेलच. त्याचा अर्थ कागदावर नसतो, तक्रार वाचणाऱ्याच्या मनात असतो. आणि विभागात जी व्यक्ती आपल्या समाजातली एकटीच असते, तिची केशरचना, तिचा पोशाख किंवा वर्णद्वेषावरील तिचे मत चटकन नजरेत भरत असल्याने असे मोघम कलम प्रथम तिच्यावरच येऊन आदळते.

याचे ठळक उदाहरण 2020 सालचे आहे. तरुण रक्तवाहिनी-शल्यविशारदांच्या समाजमाध्यमांवरील वर्तनाचा एक अभ्यास तेथील एका वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला होता. त्यात पोहण्याच्या पोशाखातील छायाचित्रे आणि वादग्रस्त सामाजिक विषयांवरील मते ‘संभाव्य अव्यावसायिक’ ठरवण्यात आली होती. महिला डॉक्टरांनी ‘मेडबिकिनी’ या हॅशटॅगखाली आपली छायाचित्रे टाकून निषेध केला आणि तो लेख मागे घ्यावा लागला. मोजपट्टी कोणी आखली, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. आपल्या समितीनेही तो स्वतःला विचारावा.

म्हणून मनाई नेमक्या गोष्टींनाच असावी. 1996च्या ‘हिपा’ कायद्यानुसार रुग्णाची गोपनीयता राखणे बंधनकारक आहेच, आणि तेथे कठोरच राहावे : नाव न लिहिताही छायाचित्राच्या कोपऱ्यात दिसणारा मनगटपट्टा रुग्णाची ओळख उघड करू शकतो. मात्र ‘रुग्णालयावर टीका करू नये’ असे सरसकट कलम घालण्यापूर्वी वकिलांना अवश्य विचारावे. खासगी रुग्णालयांतील निवासी डॉक्टर हे कर्मचारी आहेत, असा निर्णय राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने 1999 साली दिला असून, वेतन आणि कामाच्या परिस्थितीबद्दल एकत्रितपणे बोलण्याच्या त्यांच्या हक्काला कायद्याचे संरक्षण आहे.

नियमावल्यांत सहसा सर्वांत दुबळा राहणारा भाग म्हणजे हल्ल्याच्या दिवशी संस्था काय करणार, हा. एखाद्या निवासी डॉक्टरने उपचारांतील विषमतेवर चार ओळी लिहिल्या, कोणीतरी त्यांचा स्क्रीनशॉट रुग्णालयाचे नाव जोडून पसरवला, आणि दुपारपर्यंत ‘हिला काढून टाका’ अशा ईमेलचा पाऊस पडला, तर ते ईमेल कोणी वाचायचे? ती जबाबदारी एका नियुक्त व्यक्तीकडे असावी. तक्रारींची संख्या हा दोषाचा पुरावा मानला जाणार नाही, हे स्पष्ट लिहावे. त्या डॉक्टरची कामाची पाळी आणि विभाग दूरध्वनीवर कोणालाही सांगू नये, अशी सूचना स्वागतकक्षालाही लेखी द्यावी. नेमकी तीच राहून जाते. धमक्या आल्यास सुरक्षा विभाग आणि कायदेशीर मदत मिळावी, आवश्यक वाटल्यास पाळी बदलून मिळावी, आणि तिला विचारल्याखेरीज संस्थेने तिच्याविषयी निवेदन काढू नये. मजकूर काढून टाकण्याचा ‘मैत्रीपूर्ण’ सल्ला तिचे मूल्यमापन करणाऱ्या वरिष्ठाकडून आला, तर तो सल्ला राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

प्रसिद्धीबाबत थोडक्यात सांगतो. संस्थेच्या विविधतेच्या जाहिरातीसाठी याच मोजक्या डॉक्टरांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा वापरली जातात. त्यासाठी दर वेळी संमती घ्यावी, नकाराची नोंद कोठेही होऊ नये, आणि समाजमाध्यमांवरील आरोग्यशिक्षणाचे काम संस्थेला हवे असेल, तर त्यासाठी कामाच्या तासांतून वेळ द्यावा.

मसुदा तयार झाल्यावर तो या निवासी डॉक्टरांना दाखवावा, परंतु विभागप्रमुखांच्या उपस्थितीत नव्हे. त्यांचे अभिप्राय विनानाव घेतले, तरच जुन्या नियमांखाली काय घडले हे आपल्याला कळू शकेल.