कॉलेजातला पिचर व्यावसायिक बेसबॉलमध्ये टिकेल का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की तुमचा भाचा अमेरिकेत कॉलेजच्या संघाकडून पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकतो, या मोसमात त्याच्या नावावर नऊ विजय आहेत, चेंडू ताशी ९३ मैलांनी टाकतो, तर मेजर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, आशा धरावी का.

ते नऊ विजय आधी बाजूला ठेवा. पिचरचा विजय अर्धाअधिक त्याच्या संघाच्या बॅटिंगवर ठरतो. स्काउट, म्हणजे व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणारे, तो आकडा फारसा बघतही नाहीत. ९३ मैल म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. क्रिकेट बघणाऱ्या आपल्याला हा वेग भन्नाट वाटतो, पण मेजर लीगमध्ये हल्ली फास्टबॉलचा, म्हणजे पिचरच्या सर्वात वेगवान चेंडूचा, सरासरी वेगच ९४ च्या आसपास आहे. स्काउट चेंडूच्या प्रत्येक प्रकाराला २० ते ८० मध्ये गुण देतात आणि ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. तुमच्या भाच्याचा वेग तिथे किंवा किंचित खाली बसतो. म्हणजे दार बंद नाही, पण नुसत्या वेगावर ते उघडणारही नाही.

मी स्काउट नाही. गेली बरीच वर्षं नॅशव्हिलमध्ये राहतो आणि वँडरबिल्ट विद्यापीठाचे सामने मैदानात जाऊन बघतो. होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे रडार गन घेऊन बसणाऱ्यांच्या जवळची जागा मिळाली की मी चेंडूइतकाच त्यांच्या वह्यांकडे बघतो. पण या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वँडरबिल्टच्याच पिचर कुमार रॉकरने.

नावावरून तुम्ही ओळखलं असेल, त्याच्या आईचं घराणं भारतातलं. जून २०१९ मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध एकही हिट न देता, म्हणजे कुणालाही फटका मारून बेस गाठू न देता, १९ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद) केले. मी त्या रात्री तिथे होतो. त्याचा स्लायडर (ऐनवेळी वळणारा चेंडू) चौकटीत, म्हणजे बॅटरसमोरच्या स्ट्राइकच्या पट्ट्यात, येतोय असं वाटायचं आणि शेवटच्या क्षणी खाली, बाहेर निघून जायचा. बॅटर हवेत बॅट फिरवून परत जात होते. हा मुलगा दोन वर्षांत मेजर लीगमध्ये असेल, असं मी घरी येऊन बायकोला ठामपणे सांगितलं.

तसं झालं नाही. मेजर लीगमधला त्याचा पहिला सामना सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. मधल्या काळात बरंच घडलं. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. पण मला खटकते ती माझी त्या रात्रीची नजर. १९ पैकी बहुतेक स्ट्राइकआउट स्लायडरवर होते. फास्टबॉल वेगवान होता, पण त्याला वेगळी अशी हालचाल नव्हती. कॉलेजातला बॅटर स्लायडरच्या धाकाने त्यावर चुकायचा. मेजर लीगचा बॅटर खाली जाणारा स्लायडर सोडून देतो आणि फास्टबॉलची वाट बघत उभा राहतो. शिवाय २०२१ च्या मोसमात रॉकरचा वेग एका सामन्यात एक, दुसऱ्यात भलताच, असा व्हायचा. रडार गनवाले ते टिपून घेत होते. मी स्ट्राइकआउट मोजत होतो.

वँडरबिल्टच्या त्याच संघात जॅक लायटर हा पिचर होता. २०२१ मध्ये दोघांचेही १७९ स्ट्राइकआउट. लायटरला ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक मिळाला. पण ११० इनिंगमध्ये (एका सामन्यात साधारण नऊ असतात) त्याने ४५ वॉक दिले होते, म्हणजे तितक्या वेळा चार-चार चेंडू चौकटीबाहेर टाकून बॅटरला फुकट पहिल्या बेसवर पाठवलं होतं. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, गेल्यावर नेमकी हीच गोष्ट त्याला नडली. याउलट लुइझियाना स्टेटचा पॉल स्कीन्स बघा. २०२३ मध्ये २०९ स्ट्राइकआउट आणि वॉक फक्त २०. पिट्सबर्गने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि पुढच्याच मे महिन्यात तो मेजर लीगमध्ये होता. वेग दोघांकडेही होता. म्हणून भाच्याचे स्ट्राइकआउट आणि वॉक शेजारी-शेजारी मांडून बघा.

मग त्याचा सामना बघा, शक्य असेल तर पूर्ण, आणि सहाव्या इनिंगवर लक्ष ठेवा. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा त्याच्याकडे चेंडूचा तिसरा प्रकार आहे का? फास्टबॉल आणि स्लायडर पुष्कळांकडे असतात. डावखुऱ्या बॅटरला फसवणारा चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण हळू येणारा चेंडू) फार थोड्यांकडे असतो, आणि तो नसेल तर संघ त्याला सुरुवातीचा पिचर न ठेवता एका इनिंगपुरता वापरतात. दमल्यावर हात पहिल्या इनिंगइतकाच वर येतो का, पाऊल त्याच जागी पडतं का, हेही बघा. कॉलेजात तो आठवड्यातून एकदाच टाकतो. व्यावसायिक संघात दर पाचव्या-सहाव्या दिवशी टाकायचं असतं, तेही कित्येक महिने.

एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. कॉलेजात कुठला चेंडू टाकायचा हे बऱ्याचदा प्रशिक्षक बाहेरून सांगतात. त्यामुळे मुलाचं स्वतःचं डोकं किती चालतं ते आकड्यांत दिसत नाही. भाच्याला विचारा, दोन चेंडू बाहेर गेले असताना तू काय टाकतोस आणि का? उत्तर ऐकून तुम्हाला बरंच कळेल.

वयही विचारा. चार वर्षांच्या कॉलेजातल्या मुलाला तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ व्या वर्षी ड्राफ्टमध्ये जाता येतं. तो आधी मैदानात दुसऱ्या एखाद्या जागी खेळत असेल आणि पिचिंगला नवा असेल, तर हात कमी झिजलेला आहे, ही जमेची बाजू. जेकब डिग्रॉम स्टेटसन विद्यापीठात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, पिचिंगकडे उशिरा वळला, २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडला गेला आणि पुढे दोन वेळा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला.

कॉलेजात धातूच्या बॅट असतात, पुढे लाकडी. उन्हाळ्यात केप कॉडसारख्या लाकडी बॅटच्या लीगमध्ये खेळायची संधी त्याला मिळत असेल तर सुट्टीला भारतात बोलवू नका, जाऊ द्या. तिथले त्याचे वॉक आणि स्ट्राइकआउट इथे प्रतिक्रियेत लिहा, मी नक्की बघेन.